खारडी ते कांदळ: एका प्रकल्पाची नोंदवही

२२ ऑक्टोबर २०२४, मानवत

नोंदवही आजपासून. तिसऱ्या वर्षाची नऊ मुलं-मुली आणि मी. विषय: खाऱ्या जागेत टिकणाऱ्या वनस्पती, त्यांचे प्रकार आणि त्यांची राखण.

विषय कोकणातला वाटतो, पण सुरुवात इथल्याच रानात झाली. मागच्या महिन्यात एका मुलीने वर्गात मातीचं ढेकूळ आणलं. वरून पांढरी भुकटी, हाताला चिकट. "मॅडम, आमच्या रानात मीठ फुटलंय. आप्पा म्हणतेत, रान मेलं." मग तिनेच विचारलं की समुद्राकाठी मिठाच्या पाण्यात जंगल उभं राहतं, तर आमच्या रानात साधा हरभरा का येईना? मला लगेच उत्तर देता आलं नाही. प्रकल्प त्या प्रश्नाचाच आहे.

तिचं शेत पैठणच्या डाव्या कालव्याच्या चारीवर आहे. जायकवाडीचं उद्घाटन १९७६ साली झालं. डावा कालवा २०८ किलोमीटरचा. त्या पाण्याने या भागाला ऊस दाखवला, घरं बांधून दिली, मुलं शिकवली. त्याच पाण्याने खोल काळ्या जमिनीत, जिथे निचरा नाही तिथे, खालचं पाणी वर आणलं. उन्हाळ्यात वरचं पाणी उडतं, क्षार मागे राहतात. यंदा नाथसागर, जायकवाडीचा जलाशय, भरला, दरवाजे उघडावे लागले. म्हणजे रब्बीला पाण्याच्या पाळ्या भरपूर मिळणार. सगळे खूश आहेत. मुलीचे आप्पा मात्र खूश नाहीत.

१० नोव्हेंबर

विभागातलं जुनं कपाट उपसलं. वाळवलेल्या नमुन्यांत कोणा जुन्या सरांच्या सहलीतला तिवराचा, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाचा, कागद सापडला. पानं तपकिरी झाली आहेत, चिठ्ठीवरची शाई पुसट. बाकी किनाऱ्याचं काहीच नाही. आमच्या मुलांना खारफुटी म्हणजे पुस्तकातलं एक चित्र आणि परीक्षेतला चार गुणांचा प्रश्न.

मुलांना आज दोन गोष्टी सांगितल्या. २०२० साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवन (खारफुटी) वृक्ष म्हणून मान दिला. असा वृक्ष ठरवणारं आपलं पहिलं राज्य. दुसरी गोष्ट न्यायालयाची. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली, आणि अंतिम निकाल आला १७ सप्टेंबर २०१८ ला. १७ सप्टेंबर म्हटल्यावर मुलं सावरून बसली. आपल्याकडे तो मुक्तिसंग्राम दिन. त्या निकालाने सांगितलं की खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाव आहे. जमीन खासगी असो की सरकारी, खारफुटी आहे तिथे ती वनच.

२०२१ च्या वन अहवालात महाराष्ट्रातली खारफुटी ३२४ चौरस किलोमीटर धरली आहे. पण आम्हाला नुसती खारफुटी बघायची नाही. वाळूवरचे वेल, चिखलावरच्या झुडपांखालचं गवत, खारवट माळावरची मांसल पानांची रोपं, ही सगळी क्षार सोसणारीच मंडळी. त्यांच्या वाट्याला ना मान आला ना निकाल.

२५ नोव्हेंबर

मधले पंधरा दिवस निवडणुकीच्या ड्युटीत गेले. काम काही नाही.

आज सहलीची तारीख ठरली. भरती-ओहोटी धरून ठरवावी लागते हे मुलांना नवीन. कोकणातला जुना हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. षष्ठीला सहाची पाऊणपट म्हणजे साडेचार. तेव्हा पूर्ण भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी, सव्वादहाच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. ७ डिसेंबरला चंपाषष्ठी आहे. सकाळी उजेडात ओहोटी, काम करायला चार तास. घरी भरीत-रोडग्याचा दिवस म्हणून दोन मुलींच्या घरून थोडी कुरकुर झाली. मी जाऊन बोलून आले.

७ डिसेंबर, वेंगुर्ले

सोलापूर, कोल्हापूर, आंबोली घाट. रात्रभराचा प्रवास. नऊपैकी आठ जणांनी समुद्र आज पहिल्यांदा पाहिला. अर्धा तास मी कामाचं नाव काढलं नाही.

सुरुवात वाळूपासून केली. पहिली भेटली ती मर्यादवेल. जांभळी फुलं, लांबच लांब दोर वाळूवर पसरलेले, आणि पान मधोमध दुभंगलेलं. "मॅडम, हा तर आपटा!" दसऱ्याला सोनं वाटणारी पोरं, त्यांना ते पान लगेच ओळखीचं वाटलं. कुळ वेगळं आहे, ही रताळ्याची बहीण. नाव मात्र किती नेमकं पडलंय! समुद्राने इथवर यावं, वाळूने इथवर उडावं, ही मर्यादा ती वेल घालून देते. तिच्या दोरांना पेरापेराला मुळं फुटतात, उडती वाळू अडते, मग मागे दुसरं काही उगवू शकतं. तिच्या जोडीला रावणाच्या मिशा, टोकदार पानांचं ताठ गवत. त्याचा काटेरी गोळा वाऱ्याने वाळूवर गडगडत जातो आणि जाता जाता बी टाकतो. मुलांनी त्या गोळ्यामागे धावून अंतर मोजायचा प्रयत्न केला. मोजमाप फसलं, पण बी कसं पसरतं ते कोणी विसरणार नाही.

दहाला मांडवी खाडीत. इथे बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. आमच्या होडीवरच्या काकू वल्हं मारता मारता झाडं सांगत होत्या, आणि मला कबूल करायला आवडेल की त्यांच्याएवढं मला येत नाही. मी पानाच्या टोकावरून झाड ओळखते. त्या लांबून, मुळांवरून. कांदळाची मुळं खोडापासून कमानीसारखी चिखलात उतरतात. तिवराची पेन्सिलीसारखी बारीक, चिखलातून वर आलेली, शेकड्याने. चिपीची तशीच पण जाड, शंकूसारखी. ही सगळी श्वास घ्यायची सोय. चिखलात हवा नसते, म्हणून मूळच वर येऊन हवा घेतं.

खाडीकाठी तिवराचं एक पान उलटं करून मुलांच्या हातात दिलं. मागे पांढरे कण. जीभ लावली, मीठ. तिवर पाण्याबरोबर मीठही आत घेतं आणि पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. काजळा आणि मारांडीही तेच करतात. कांदळाचं पान चाटलं तर असे कण लागत नाहीत, कारण ते बहुतेक मीठ मुळाशीच गाळून बाहेर ठेवतं. आणि काठावरच्या मोरसाची गोष्ट तिसरीच: ती मीठ आत घेते, पेशीतल्या पोकळीत कोंडते आणि वर पाणी साठवून पानं फुगवते. उत्तर कोकणात मोरसाची भाजी करतात. एका मुलाने चव घेऊन सांगितलं, "आपल्या चिवळीसारखी लागायली." बरोबर आहे. चिवळ, घोळ यांची पानंही अशीच पाणीदार असतात.

म्हणजे मीठ कोणालाच आवडत नाही. कोणी दारात अडवतं, कोणी घरात येऊ देऊन बाहेर काढतं, कोणी कोठीत बंद करतं. मुलांनी वहीत हे याच शब्दांत लिहिलंय, मी बदललं नाही.

कांदळाच्या शेंगा लोंबत होत्या. ती खरं तर शेंग नव्हे. झाडावर असतानाच बी रुजून हातभर लांब झालेलं रोप आहे. खाली पडलं की चिखलात उभं रुततं, नाहीतर तरंगत दूर जातं. एक पडलेलं रोप एका मुलाने हळूच पिशवीत टाकलं. काकूंनी पाहिलं. "ती रुजूक पडली हा, नेव नको रे." त्याने काढून पाण्यात सोडली. काकू ओरडल्या नाहीत, पण त्यानंतर तो दिवसभर त्यांच्याच शेजारी बसून ऐकत होता.

आजच्या नोंदी: कांदळ, तिवराच्या दोन जाती, पांढरी चिपी, काजळा, मारांडी, गेवा (चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका असं तीनदा बजावलं), करंजवेल, वनजाई, मर्यादवेल, रावणाच्या मिशा, मोरस, खारं गवत. एका चिखलपट्टीत दोरीचे पाच चौकोन टाकले, एक भरतीत गेला. दोन चपला चिखलात राहिल्या.

८ डिसेंबर, वेंगुर्ल्याहून परतीच्या आधी

कालच्या यादीत चूक. मी ज्यांना तिवराच्या एकाच जातीत मोजलं, त्यांतल्या काही झाडांची पानं टोकाला गोल होती, मागून पिवळट हिरवी. ती अ‍ॅव्हिसेनिया (तिवराचं शास्त्रीय नाव) ऑफिसिनॅलिस. ज्यांचं पान निमुळतं आणि मागून पांढुरकं, ती अ‍ॅव्हिसेनिया मरिना. तीन चौकोनांतले आकडे पुन्हा तपासावे लागले. मुलांसमोरच दुरुस्ती केली.

आजचं पाहणं कालच्या उलट होतं. खाडीच्या वरच्या अंगाला एका बांधाच्या आत तिवराचा एक तुकडा उभा आहे, वाळलेला. फांद्या आहेत, साल आहे, पान नाही. कुऱ्हाडीची खूण कुठेच नाही. बांधाखालून पाणी जायला एकच नळी टाकलेली, ती गाळाने भरलेली. भरती आत येत नाही, आणि पावसाचं पाणी आत आलं की बाहेर जात नाही. श्वासाची मुळं महिनोन्‌महिने पाण्याखाली बुडून राहिली की झाड गुदमरतं. पुढे उन्हाळ्यात तेच पाणी आटतं आणि मीठ समुद्राहून जास्त दाट होतं. बांधाच्या बाहेर, दहा पावलांवर, तीच जात हिरवीगार.

मुलगी (ढेकूळ आणणारी) बराच वेळ त्या नळीपाशी उभी होती. मग म्हणाली, "मॅडम, हे आमचं रान आहे."

मला जे उत्तर दोन महिन्यांहून जास्त सापडत नव्हतं ते तिने एका वाक्यात दिलं. समुद्राचं पाणी तर तिच्या रानातल्या पाण्याहून कितीतरी खारट. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ. तरी झाडं जगतात, कारण ते पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. मीठ साचत नाही. बांध घातला की तिवरालाही मीठ सोसत नाही. आमच्या रानात मीठ वाहून आलेलं नाही, पाण्याची जायची वाट बंद झाली म्हणून साठलं आहे.

यातून राखणीबद्दलही कळलं. खारफुटी तोडू नका, एवढं म्हणून भागत नाही. पाण्याचा रस्ता बुजवणं ही कुऱ्हाडीशिवायची तोडच आहे, आणि ती कोणाच्या नजरेत भरत नाही.

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. लातूरकडच्या एका विद्यार्थ्याच्या घरी, शेतात. आंबिल, भज्जी, कडब्याची खोप. सकाळी हरभऱ्याच्या रानातून चालताना धोतराची किनार ओली करून आंब पिळून घेण्याची जुनी पद्धत त्याच्या आजोबांनी दाखवली. पानांवरच्या बारीक केसांतून हरभरा आंबट पाणी सोडतो. तिवर मीठ बाहेर टाकतं ते मुलांना आता उदाहरण देऊन सांगावं लागणार नाही: जो आंब जाणतो त्याला पानावरची ग्रंथी कळते. फरक एवढाच की हरभऱ्याची आंब आम्लाची, मिठाची नाही. मिठाच्या बाबतीत हरभरा फार हळवा. आप्पांच्या रानात सगळ्यात आधी त्यानेच मान टाकली. कापूस तग धरून आहे, खुरटा का होईना.

१८ जानेवारी २०२५, मानवतजवळचं शिवार

आज आप्पांच्या रानात दिवसभर. पाऊण एकराचा पांढरा पट्टा. आप्पा बांधावर बसून होते. "ह्या मेल्या रानात काय हुडकायलाव मॅडम?"

जमीन तपासली. मातीच्या अर्काची विद्युत वाहकता (क्षार जास्त तितकी ती जास्त) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर, म्हणजे क्षारयुक्त. पट्ट्याच्या एका कोपऱ्यात ओली माती हातात मळली की साबणासारखी, वाळली की दगडासारखी. सोडियमने मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाणी खाली उतरतच नाही. तो कोपरा चोपण. एकाच पट्ट्यात दोन आजार, आणि दोन्हींचे इलाज वेगळे. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला निचरा आणि गोडं पाणी पुरतं. चोपणाला आधी जिप्सम लागतं, त्याशिवाय चर खोदून काही निघत नाही.

आणि मग झाडं. लांबून पट्टा उघडा दिसतो. गुडघे टेकून पाहिलं तर कडेने हरळी, मधे लव्हाळा, ओलीकडच्या बाजूला झाऊचं एक झुडूप, वेडी बाभूळ अर्थातच, आणि अगदी मधोमध, पांढऱ्या भुकटीत, राखी रंगाचं वीतभर रोप. हरभऱ्यासारखी बारीक पानं. पानांवर थेंब. जीभ लावली: खारट.

खारडी. क्रेसा क्रेटिका. संस्कृतात रुदंती, रडणारी. नाव ज्याने ठेवलं त्याने ही सकाळी पाहिली असणार. हिच्याही पानावर मीठ टाकणाऱ्या ग्रंथी आहेत, तिवरासारख्या. आणि ही किनाऱ्यावरच्या खारवट मैदानांतही राहते. समुद्रापासून इतक्या लांब, आमच्या काळ्या मातीत, किनाऱ्यावरची एक बाई आपलं घर करून बसली आहे आणि आम्ही तिला तण म्हणून उपटत होतो.

मुलांना इतका आनंद वेंगुर्ल्यातही झाला नव्हता.

आप्पांना दाखवली तर म्हणाले, "ही होय? ही लई वर्सापासून हाय. जिथं ही दिसती तिथं बी टाकायचं न्हाई, एवढं आम्हाला कळतंय." म्हणजे तिचा उपयोग त्यांना माहीत होता, नाव माहीत नव्हतं.

९ फेब्रुवारी

आज विभागात दोन तास वाद झाला. चांगला झाला.

एका मुलाचं म्हणणं: या पट्ट्यात कांदळ किंवा तिवर लावून बघू, ती गोड्या पाण्यातही जगतात. ते खरं आहे. खारफुटीतली बरीच झाडं गोड्या पाण्यातही वाढतात. समुद्राच्या निम्म्याहून कमी खारटपणा त्यांना बरा वाटतो. त्यांना मिठाची भूक नाही, तिथे स्पर्धा कमी असते म्हणून ती तिथे टिकतात. पण मी नाही म्हटलं. एक तर त्या झाडांचं गाव दुसरं आहे. त्यांच्या फांद्यांत बगळे, मुळांत खेकडे-कोळंबी, आणि पायाशी येणारजाणारं पाणी. त्यातलं इथे काय आहे? दुसरं, वेडी बाभूळही कधीतरी कोणीतरी चांगल्या हेतूनेच आणली होती. आज ती आमच्या प्रत्येक ओढ्यात आहे.

दुसऱ्याने विचारलं, मग मीठ सोसणारी पिकं? त्यावर देशात काम झालंय. कर्नालला १९६९ पासून मातीच्या क्षारांवरची संशोधन संस्था आहे, पनवेलच्या खारभूमी केंद्राने खाऱ्या शेतासाठी भाताच्या जाती दिल्या, भावनगरच्या संस्थेने सॅलिकॉर्निया नावाच्या किनारी झुडपापासून खाण्याचं मीठ काढून दाखवलं, आणि चेन्नईच्या स्वामिनाथन प्रतिष्ठानात तिवराचे जनुक भातात घालून पाहिले गेले. शेवटचं ऐकून मुलं गप्प झाली. जे झाड खाडीत कोणी सरपणाला तोडतं, त्याच्यात उद्याच्या भाताची ताकद असू शकते. राखायचं ते यासाठीही. पण आज आप्पांना जे हवंय ते जनुकात नाही, ते चरात आहे.

२ मार्च

आप्पांनी शेजारच्या दोघांना तयार केलं. पट्ट्याच्या उताराने तिघांच्या रानातून एक चर, पुढे ओढ्यापर्यंत. चोपण कोपऱ्याला जिप्सम, पावसाळ्याच्या तोंडाला ढैंचा. ढैंचाही खारट मातीत येतो आणि गाडला की मातीला मोकळं करतो. उसाचं पाणी कमी करायला आप्पा तयार, एक शेजारी अजून नाही.

एक काळजी लिहून ठेवते. चरातून निघालेले क्षार ओढ्यात जातील, ओढा पुढच्या गावाला. त्यांना आधी सांगायला हवं. सरपंचांशी बोलायला दोन विद्यार्थी आणि आप्पा जाणार आहेत.

पट्ट्याच्या वरच्या टोकाला दोन गुंठे तसेच सोडायचे ठरले. चर नाही, नांगर नाही, फवारणी नाही. तिथे खारडी राहील. मी मागितलं नव्हतं. आप्पाच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिला. ती सांगती रान कसं हाय ते."

१६ मार्च

खारडीला फुलं आली. तांदळाच्या कणीएवढी, पांढरट गुलाबी. सोडलेल्या दोन गुंठ्यांत चार चौकोन टाकले. चारही चौकोनांत ती आहे. फुलांवर मुंग्या आणि एक छोटी माशी, तिची ओळख पटवायची आहे.

एक नमुना दाबून वाळवला, कागदावर लावला. चिठ्ठीवर नाव, शिवार, तारीख, आणि गोळा करणारी म्हणून त्या मुलीचं नाव. कपाटात जुन्या सरांच्या तिवराच्या कागदाशेजारी ठेवला. पुढची पाळी सुटायच्या आत चराच्या तोंडाचं पाणी मोजायचं आहे, तेव्हा बुधवारी सकाळी सातला सगळ्यांनी बाटल्या घेऊन यायचं.